स्वधर्माची अदलाबदल

3 मे 1940 रोजी फ्रान्समधील रूआं शहरात लष्करी न्यायालयापुढे आन्द्रे वेय हा गणितज्ञ उभा होता. चौतिशी पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. आरोप साधा होता: राखीव दलातला अधिकारी असूनही युद्ध पुकारले गेल्यावर तो हजर झाला नाही. युद्धाआधीच तो फिनलंडला गेला होता. रशियाने फिनलंडवर हल्ला केला त्याच दिवशी, 30 नोव्हेंबर 1939 ला, तो तिथे हेर समजून पकडला गेला, पुढे मायदेशी आणला गेला आणि रूआंच्या तुरुंगात पडला. या वागण्याचे जे समर्थन त्याने उतारवयात आत्मचरित्रात केले, ते मराठी वाचकाला थबकवणारे आहे. हा निर्णय आपण भगवद्गीतेच्या विचारातून घेतला, असे तो सांगतो. पॅरिसमध्ये शिकत असताना त्याने संस्कृत शिकून गीता मुळातून वाचली होती, आणि 1930 ते 1932 या काळात तो अलीगढच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. त्याचा युक्तिवाद असा: अर्जुन क्षत्रिय, म्हणून लढणे हा त्याचा धर्म. गोगँ या चित्रकाराचा धर्म चित्रे काढणे. माझा धर्म गणित करणे, आणि त्यापासून ढळणे हेच माझ्यासाठी पाप. रणातून मागे फिरणाऱ्याला उभे करण्यासाठी जे सांगितले गेले, तेच इथे रणात न जाण्याचा आधार झाले.

याला पळवाट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यामागचा प्रश्न त्याने मिटत नाही. प्रत्येकाला स्वतःचा धर्म असतो असे आपण शतकानुशतके म्हणत आलो. तो धर्म खरा की सोयीचा, हे कशावरून ओळखायचे? आतून येणारी खात्री पुरेशी नाही, कारण खात्री हेकटालाही असते आणि लबाडालाही आणता येते. माझे म्हणणे असे आहे की याची एक कसोटी आहे. वेयने ज्या अमूर्त बीजगणिताला आयुष्य वाहिले त्याच्या मुळाशी ती आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळात नामदेवाला जी शिकवण मिळाली असे परंपरा सांगते, तिच्याही मुळाशी तीच आहे. वेयने ती आपल्या दाव्याला शेवटपर्यंत लावून पाहिली नाही.

आधी बीजगणिताकडे. या विचाराचा उगम एवारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणापाशी आहे. तो 1832 साली द्वंद्वयुद्धात जखमी होऊन विसाव्या वर्षी मेला, आणि त्याचे लेखन 1846 मध्ये छापून आले. ज्यांचा वर्ग 2 येतो अशा संख्या दोन आहेत, एक धन आणि एक ऋण. आता फक्त पूर्णांक, अपूर्णांक, बेरीज आणि गुणाकार एवढ्याच भाषेत बोलायचे ठरवले, तर या दोघींपैकी एकीविषयी जे जे खरे समीकरण मांडता येईल ते दुसरीविषयीही खरेच निघते. एकीच्या जागी दुसरी ठेवा, काहीही बिघडत नाही. गाल्वाने समीकरणाच्या मुळांकडे असे पाहिले: कोणत्या अदलाबदली केल्या तरी त्यांच्यातली सारी नाती शाबूत राहतात? अशा अदलाबदलींच्या समूहालाच आज ग्रुप म्हणतात. समीकरण सुटते की नाही हे त्या समूहाच्या रचनेवरून कळते, एकेका मुळाकडे टक लावून पाहिल्याने कळत नाही. इथे एक गोष्ट निसटू देऊ नये. सगळ्याच अदलाबदली चालतात असे गाल्वा म्हणत नाही. ज्याचा वर्ग 2 आहे त्याच्या जागी ज्याचा वर्ग 3 आहे ती संख्या ठेवली की नाते मोडते. म्हणजे फरक असू शकतात, पण मी वेगळा आहे एवढे म्हणून भागत नाही. माझ्या जागी दुसरा आला तर नेमके कोणते नाते मोडते, ते दाखवावे लागते.

आता औंढ्याकडे. नामदेवाचे जन्मस्थान म्हणून वारकरी परंपरा नरसी मानते, जन्म 1270 चा. संतांच्या मेळाव्यात कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी ठोकून पाहिली आणि विठ्ठलाच्या एवढ्या जवळचा नामदेव कच्चे मडके ठरला. गुरूच्या शोधात तो विसोबा खेचरांकडे गेला, तर म्हातारा देवळात पिंडीवर पाय ठेवून पहुडलेला. नामदेव चिडला. विसोबा म्हणाले, मला उठवत नाही, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवाने पाय जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंड उभी राहिली. कीर्तनातून या कथेचा अर्थ देव सर्वत्र आहे असा सांगितला जातो आणि तो बरोबरच आहे. पण कथेची रचना नीट पाहिली तर विसोबा सिद्धान्त सांगत नाहीत, एक कृती करायला लावतात. पाय हलवून बघ. देव फक्त इथेच आहे असे तुला वाटते ना, मग जागा बदल आणि काय मोडते ते पाहा. काहीच मोडत नाही. मोडतो तो फक्त ही जागा विशेष आहे हा हट्ट. औंढ्याची दुसरी कथाही याच जातीची आहे. नामदेवाला कीर्तनासाठी देवळाच्या मागे हाकलले, तेव्हा देऊळच त्याच्याकडे वळले आणि नंदी पाठीमागे राहिला. पुढे आणि मागे या शब्दांचा जोरच त्या फिरण्याने संपला.

ही कसोटी वेयच्या दाव्याला लावू. त्याच्या जागी वसमतचा हळदीचा शेतकरी उभा करा. तो म्हणतो, माती हा माझा धर्म आहे, हळद पिकवणे एवढेच मला येते, त्यासाठीच मी जन्मलो. मी युद्धाला जाणार नाही. वेयला हे मान्य आहे का? मान्य नसेल तर त्याने धर्म सांगितला नाही, सवलत मागितली. मान्य असेल तर त्याचे म्हणणे तत्त्व ठरते, पण मग ते त्याच्या एकट्याचे उरत नाही. यावर त्याच्या बाजूने एक उत्तर तयार असते आणि ते त्याने स्वतःच पुरवले आहे. पहिल्या महायुद्धात एकोल नॉर्माल या पॅरिसमधल्या त्याच्याच शिक्षणसंस्थेतली तरुण माणसे खंदकांत मारली गेली आणि फ्रेंच गणित एका पिढीने पोरके झाले. तेच पुन्हा होऊ देणे त्याला वेडेपणाचे वाटत होते. म्हणजे शेतकरी आणि गणितज्ञ यांच्यातले मोडणारे नाते त्याने दाखवले: गणितज्ञ दुर्मिळ असतो, त्याची जागा भरून निघत नाही. हा युक्तिवाद हलका नाही. तुरुंगातच त्याने सांत क्षेत्रांवरील वक्रांसाठी रीमानच्या अनुमानाची सिद्धता रेखली, त्यावरचे टिपण त्याच वसंतात पॅरिसच्या अकादमीच्या पत्रिकेत आले, आणि 26 मार्चला बहीण सिमोनला लिहिलेले गणितातील साधर्म्यांवरचे त्याचे पत्र आजही अभ्यासले जाते. त्याने 1949 मध्ये मांडलेल्या अनुमानांवर पुढची पंचवीस वर्षे बीजगणितीय भूमितीची वाट चालली. एवढे सारे एका गोळीने गेले असते. तरीही या उत्तरात एक भेग आहे. माझ्यावाचून गणिताचे नुकसान होईल, हा हिशेब फळाचा आहे. गीतेचा स्वधर्म तर फळाकडे पाहू नका असे बजावतो. उपयुक्ततेच्या तराजूत बसायचे असेल तर खुशाल बसावे, पण मग गीता खाली ठेवावी लागते. गीता हातात धरायची असेल तर दुर्मिळतेचे कारण सोडावे लागते, आणि शेतकरी पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

इथे याहून मूलगामी आक्षेप येतो, आणि तो घेणारा माणूस वेयचा अलीगढचा सहकारी होता. गोव्यात 1907 साली जन्मलेले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. वेयच्या सूचनेवरून कोसंबींनी 1931 मध्ये बुर्बाकी नावाच्या एका काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देणारा शोधनिबंध छापला. चारेक वर्षांनी वेय आणि त्याच्या मित्रांनी सामूहिक लेखनासाठी तेच नाव घेतले आणि अमूर्त बीजगणिताची शैलीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. हेच कोसंबी पुढे 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त गीतेविषयी सांगतात की परस्परविरोधी माणसांना ती सारखीच उपयोगी पडते, आणि हे तिचे सामर्थ्य मुळात तिच्यातला दोष आहे. ज्ञानेश्वर, टिळक, गांधी यांनी एकाच ग्रंथातून वेगवेगळे मार्ग काढले. त्या यादीत वेयचेही नाव घालता येईल. शिवाय गीतेतला स्वधर्म वर्णाने ठरतो, मनाच्या ओढीने ठरत नाही. परक्याचा धर्म उत्तम रीतीने पाळता आला तरी आपला उणा धर्मच बरा, हे वाक्य अदलाबदलीला मज्जाव करणारे आहे. कोसंबींचे हे म्हणणे मला मान्य आहे. गीतेच्या शब्दांत ही कसोटी सापडत नाही. मी ती नामदेवाच्या कथेत शोधतो आहे, याचे कारणच हे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, आणि जनाबाई तर परक्या घरची दासी. यांच्यापैकी कोणी आपले काम टाकले नाही, आणि आपलेच काम देवाजवळचे असेही कोणी म्हणाले नाही. नामदेवाच्या पदांत गज आणि कात्री येतात. त्यांच्या जागी कुदळ किंवा चाक ठेवले तरी भक्तीचे नाते तसेच राहते. त्याची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. भाषा आणि प्रदेश बदलूनही ती तग धरून राहिली. जन्माला चिकटलेला धर्म इथे सुटा झाला, आणि तो सुटा झाला तो जागा बदलून पाहिल्यामुळे.

पण कसोटी दुसऱ्या बाजूनेही कापते. शेतकऱ्यालाही नकाराचा हक्क दिला तर 1940 मध्ये हिटलरला अडवायचे कोणी? हा आक्षेप कल्पनेतला नाही. त्याच एकोल नॉर्मालचा, गणिताचा तत्त्वज्ञ ज्याँ कावायेस लढला, फ्रान्स पडल्यावर भूमिगत प्रतिकारात उतरला आणि 1944 मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. त्यालाही गणिताची ओढ होती. एमी न्योटरसोबत त्याने कँटर आणि डेडेकिंड यांचा पत्रव्यवहार संपादित केला होता. त्याचा स्वधर्म वेयपेक्षा कमी होता असे म्हणायला जागा नाही. माझ्या मते अदलाबदलीतून टिकते ती सूट नव्हे. टिकते ते एवढेच: मी नकार देतो, आणि त्याची किंमत मीच भरतो. हे वाक्य गणितज्ञाच्या तोंडी शोभते तसेच शेतकऱ्याच्याही. फिनलंडला जाताना वेय हे वाक्य म्हणत नव्हता. त्याला किंमत टाळायची होती. रूआंच्या कोठडीत परिस्थितीनेच त्याच्याकडून ते म्हणवून घेतले. शिक्षा झाली पाच वर्षांची, आणि लढाऊ तुकडीत जाण्याची तयारी दाखवल्यावर ती स्थगित झाली. ज्या जागेपासून तो लांब पळाला होता त्याच जागी येऊन उभा राहिला, आणि तेही धर्म म्हणून नव्हे. सिमोनचा मार्ग उलटा. तीही गीतेकडे वळली, पण दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहणे तिने आधीच सुरू केले होते. तत्त्वज्ञानाची अध्यापिका असून ती 1934-35 मध्ये कारखान्यात यंत्रावर राबली, आणि 1943 मध्ये इंग्लंडमध्ये आजारी असताना फ्रान्समधल्या माणसांना मिळत असेल त्याहून जास्त अन्न घ्यायला तयार होईना. ती त्यातच गेली. या टोकाला कोणी जावे असे मी म्हणणार नाही. पण भाऊ ज्या कसोटीशी थांबला तिच्यातून ती आरपार गेली, हे नाकारता येत नाही.

आपल्या परंपरेनेही ही परीक्षा पुरती दिलेली नाही, आणि ते झाकून औंढ्याच्या कथेचा अभिमान मिरवणे खोटे होईल. अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबाला नामदेवाच्या जागी ठेवले तेव्हा देऊळ फिरले नाही. मंगळवेढ्यात वेस कोसळून तो गेला. नामदेवाने त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, त्या महाद्वाराच्या बाहेरच विसावल्या, आणि ते दार त्याच्या लोकांना उघडायला 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. त्याच महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. पिंडीवर गुरूचे पाय पाहून जो खवळला होता, त्याने शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून उंबऱ्याखालची जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. पाय ठेवणारा कोण आणि पायाखालचा कोण, ही अदलाबदल त्याने स्वतःवर करून पाहिली. भाविक मात्र त्या पायरीवर पाय देत नाहीत, ती ओलांडून आत जातात.