पळस थांबत नाही

महाराष्ट्रात प्राथमिक शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिल संपता संपता मिटते. त्यामुळे पावसाळा शाळेच्या वाट्याला भरपूर येतो. छत्र्या, ओली दप्तरे, वृक्षारोपण, नव्या पुस्तकांचा वास, सगळे त्याच्याबरोबर येते. वसंत मात्र येतो वर्षाच्या टोकाला. फाल्गुनात पळस फुलतो, काटेसावरीची मांसल लाल फुले रस्त्यावर पडतात, पिंपळाला तांबूस पालवी येते, कुसुंब अंगभर लाल होतो. आणि नेमक्या ह्याच आठवड्यांत शाळेत उजळणी चाललेली असते. उन्हामुळे शाळा सकाळची झालेली असते, राहिलेले धडे संपवण्याची घाई असते, तोंडी परीक्षा आणि वह्यांची तपासणी असते. ऋतूंचा धडा केव्हाच शिकवून झालेला असतो. आता त्याच्याखालचे प्रश्न तेवढे उरलेले असतात.

हे वेळापत्रक काही निसर्गाने ठरवलेले नाही. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे पहिलीत पाऊल टाकणारे मूल आणि चेरीचा बहर ह्यांची तिथल्या मनात जोडी जमलेली आहे. काश्मीर खोऱ्यात हिवाळ्याची लांब सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतात त्या मार्चमध्ये, बदामाला फूल येण्याच्या सुमारास. एकाच ऋतूत कुठे शाळेचे दार उघडते, तर कुठे वर्षाचा हिशेब मांडला जातो. वेळापत्रक माणसांचे असते. पण माणसांनी केलेल्या प्रत्येक वेळापत्रकामागे एक नैतिक निवड असते, आणि ती बहुधा कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही. इथे ती निवड अशी विचारता येईल : आठ वर्षांच्या मुलाचा आजचा दिवस कोणाच्या मालकीचा? त्या मुलाचा, की ते मूल पुढे जो माणूस होणार आहे त्याचा?

प्रश्न जुना आहे. रूसोने १७६२ साली 'एमिल'मध्ये तो फार कठोरपणे मांडला. त्याच्या काळी जन्मलेल्या मुलांपैकी फार तर निम्मी मुले पौगंडावस्थेपर्यंत पोचत. मग ज्या उद्याची खात्री नाही त्याच्यासाठी मुलाचा आज हिरावून घेणाऱ्या शिक्षणाला काय म्हणायचे, असा त्याचा सवाल होता. आपल्या देशात ह्या सवालाला एक खरेखुरे नाव मिळालेले आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात १९०१ साली शाळा काढली. १९०७च्या वसंत पंचमीला त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ ह्याने बरोबरीच्या मुलांना घेऊन तिथे ऋतूंचा उत्सव केला. मुले ऋतूंची सोंगे घेऊन नटली. शांतिनिकेतनच्या वसंतोत्सवाचे मूळ ह्या पोरखेळात सांगितले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेरला शमींद्र कॉलऱ्याने गेला. त्याला अकरा वर्षेही पुरी झालेली नव्हती.

ही हकिकत हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. तिच्यामुळे प्रश्न टोकदार होतो, म्हणून सांगतो. 'आधी परीक्षा होऊ दे, उत्सव पुढच्या वर्षी' असे त्या माघात कोणी मोठ्या माणसाने म्हटले असते, तर ते अगदी समंजस वाटले असते. आणि त्या एका मुलापुरते ते कायमचे चुकले असते.

पण मृत्यूच्या आधारावर उभा केलेला युक्तिवाद आज पुरेसा नाही. लसी आल्या, स्वच्छ पाणी आले, बहुतेक मुले आता मोठी होतात. उद्याची खात्री वाढली, म्हणून आजवरचा मुलाचा हक्क कमी झाला का? मला तसे वाटत नाही, कारण आठ वर्षांचे मूल जगले तरी आठ वर्षांचे राहत नाही. सावरीच्या फुलात मैना डोके का खुपसते, वर काढल्यावर तिच्या कपाळाला पिवळे काय लागलेले असते, हा प्रश्न त्याला एका विशिष्ट वयात पडतो, आणि त्याचे उत्तर त्याला त्या वेळी खरोखर हवे असते. अठराव्या वर्षी हाच परागीभवनाचा पाठ ते समजून घेईल, कदाचित जास्त नीट घेईल. पण तेव्हा विचारणारा दुसरा कोणी असेल.

इथवर माझ्याशी सहमत असणाऱ्याला आता एक आक्षेप ऐकून घ्यावा लागेल, कारण तो खरा आहे. पळस बघायला मुलांना वर्गाबाहेर न्यावे हे म्हणायला कोणाला परवडते? ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याच्या मुलाने मार्च वाया घालवला तरी मे महिन्यात शिकवणी लावता येते, त्याला. ज्याचा बाप दिवसभर पळसाखालीच शेळ्या राखतो, त्याच्या मुलाला पळस काय दाखवायचा? त्याला शाळेकडून हवी असतात ती अक्षरे, आकडे आणि इथून बाहेर पडण्याची वाट. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांचा सगळा भर बहुजनांच्या पोरांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळण्यावर होता, तो ह्याच कारणाने. वाचन, लेखन, हिशेब ही शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी चैन नव्हती, पायातली बेडी काढण्याची किल्ली होती. त्यांच्या मागणीत शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही होते, हे मात्र आपण विसरतो. मुलाचे आजचे जग आणि त्याची उद्याची सुटका ह्यांत त्यांना विरोध दिसला नव्हता.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर ह्या भागांत तर वसंत हा मुलांसाठी कामाचा हंगाम असतो. मोहाची फुले रात्रभर गळतात आणि उन्हे चढायच्या आत वेचावी लागतात. पहाटे घरातली सगळी माणसे टोपल्या घेऊन रानात जातात, मुलेही जातात. कोणते झाड आधी गळते, कोणते उशिरा, कोणत्याची फुले गोड, कुठे अस्वलाची भीती, हे सारे दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असते. सुकवलेला मोह घरात खायला होतो आणि बाजारात त्याचे पैसे येतात. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ह्या सगळ्याचा एकच शब्द होतो : गैरहजर. ह्या पहाटेचे गोडवे गाऊ नयेत. अंधारात उठलेले, वाकून वाकून कंबर दुखलेले मूल वर्गात पेंगते, आणि ते मोहाला जाते ते वसंताच्या ओढीने जात नाही, घरच्या गरजेने जाते. तरीही त्या मुलीला जे येते ते ज्ञान नाही असे शाळेने तिला दरवर्षी सांगत राहावे, हा अन्याय आहे. मोहाच्या टोपल्यांवर मापे शिकता येतात, ओल्या आणि सुक्या फुलांच्या वजनावर वजाबाकी शिकता येते, व्यापाऱ्याच्या काट्यावर तर गणिताबरोबर नागरिकशास्त्रही शिकता येते.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात हे घडलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी आधी बोर्डीला आणि मग आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा वारली मुले शाळेत येत नाहीत ह्याचा अर्थ त्यांनी 'मुलांना गोडी नाही' असा लावला नाही. मुले गुरे घेऊन कुरणात असतात, तर शाळा कुरणात गेली. 'कुरणशाळा' हा शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाला. पाने, बिया, खडे, शिंपले ही साधने झाली. माझ्या दृष्टीने कुरणशाळेचे मोठेपण साधनांच्या स्वस्ताईत नाही. तिने मुलाला 'तुझा दिवस दाराबाहेर ठेवून आत ये' असे म्हटले नाही, ह्यात ते आहे.

म्हणून 'आज की उद्या' ही मांडणीच मला फसवी वाटते. खरा फरक थांबू शकणाऱ्या आणि थांबू न शकणाऱ्या गोष्टींमधला आहे. शेतकऱ्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. जमिनीत वापसा आला की तो घरचे कार्यही मागे ठेवतो, कारण वापसा गेला की गेला; कार्याला दुसरा मुहूर्त मिळतो. नवाचा पाढा मार्चमध्ये नाही आला तर जुलैत येतो. पळसाचा बहर मात्र मोजक्या आठवड्यांचा असतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला नियमित परीक्षा आणली, पण नापास झालेल्याला निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधीही तिथेच दिली. म्हणजे परीक्षा थांबू शकते हे कायद्यालाही मान्य आहे. तरी व्यवहारात आपण जे हलवता येते त्याला अढळ मानतो, आणि जे खरोखर अढळ आहे त्याला 'नंतर बघू' म्हणतो.

अलीकडे वसंताला शाळेत जागा मिळू लागली आहे, हेही खरे. वसंत पंचमीला पिवळे कपडे, कार्डशीटची फुले, मुलांना ओळीने उभे करून काढलेला फोटो, तो लगेच पालकांच्या गटावर. त्याला 'उपक्रम' म्हणतात. मुलांना त्यातही मजा येते, ती नाकारू नये. पण इथेही मुलाचा दिवस दुसऱ्याच कोणासाठी तरी वापरला जात असतो, कधी अहवालासाठी, कधी शाळेच्या नावासाठी. उपक्रम खरा की दाखवायचा, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. मुलाला बाहेर जाऊन हात हलवत परत येण्याची मुभा आहे का? अर्धा तास मुंग्यांची रांग बघितली आणि लिहिले काहीच नाही, असे चालेल का? चालत नसेल, तर ती परीक्षाच आहे, फक्त उन्हात घेतलेली.

उत्तराखंडात चैत्राच्या संक्रांतीला फूलदेई असते. मुले पहाटे फ्योंली, बुरांश अशी फुले वेचून घरोघरच्या उंबऱ्यांवर ठेवतात, घराला शुभ चिंततात, आणि घरची माणसे त्यांना तांदूळ, गूळ देतात. ह्यात कोणी मुलांना वसंत 'शिकवत' नाही. वसंत आल्याची बातमी मुलेच मोठ्यांना देतात, आणि मोठी माणसे ती आदराने घेतात. शाळेने ह्यातून उचलावे ते एवढेच : मुलाने आणलेली बातमी घेता आली पाहिजे.

कारण ती बातमी पुस्तकाशी जुळेलच असे नाही. 'वसंताचे चित्र काढा' म्हटले की दख्खनच्या पठारावरची मुलेही दोन हिरवे डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढतात. वर्गाबाहेरचा डोंगर त्या वेळी बोडका असतो, गवत वाळून पिवळे झालेले असते आणि पळसाला एक पान नसते. एखाद्याने तपकिरी डोंगरावर नारिंगी ठिपके काढले, तर खरे चित्र त्याचेच. पण त्याला 'हिरवे कुठे आहे?' असे विचारले जाते. केरळात आणि इतर राज्यांत 'सीझनवॉच' ह्या प्रकल्पात शाळकरी मुले एकेक झाड धरून पालवी, फुले आणि फळे ह्यांच्या नोंदी दर आठवड्याला करतात. तिथला बहावा विषूच्या सणाचे फूल; सण एप्रिलच्या मध्याला, पण झाड कित्येकदा त्याच्या पुष्कळ आधी फुललेले दिसते. मुलाने डोळ्यांनी फेब्रुवारीत पाहिले आणि पुस्तकात एप्रिल छापले असेल, तर उत्तरपत्रिकेत त्याने काय लिहावे?

पुस्तकातले लिहिले तर गुण मिळतील. त्याबरोबर एक धडाही मिळेल, की आपले डोळे साक्षीला चालत नाहीत. हा धडा आयुष्यभर पुरतो आणि पुढे त्याचे परिणाम झाडांपुरते राहत नाहीत. पाहिलेले पाहिले म्हणण्याची सवय आठव्या वर्षी मोडली, तर अठ्ठावीसाव्या वर्षी त्या नागरिकाकडून सत्याची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? उद्याची तयारी म्हणून आपण मुलाचा आज घेतो, आणि उद्याला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट त्यातच खर्चून टाकतो.

सगळी शाळा बदलायला कोणी सांगत नाही. मार्चमधल्या सकाळच्या शाळेतले चार दिवस पहिला तास वर्गाबाहेर, मोकळ्या हातांनी. एक प्रश्नपत्रिका आठवडाभर पुढे. जिथे मोह पडतो तिथे ते पंधरा दिवस घंटा तासभर उशिरा, आणि हजेरीपटावर 'गैरहजर'ऐवजी 'मोहाला गेली' एवढी खरी नोंद. आणि नारिंगी ठिपक्यांच्या चित्राला पूर्ण गुण. ह्यातले एकही काम करायला शासननिर्णयाची वाट पाहावी लागू नये. पळस तर ती पाहणारच नाही.