भावाला क्षमा

‘माफ करो बाबा’ हे शब्द आमच्या बऱ्हाणपुरात दारावर आलेल्या भिक्षेकऱ्याला रोज ऐकवले जातात. अर्थ एवढाच, की पुढचे दार पाहा. हिंदी-मराठीच्या सरमिसळीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत हा शब्द असा स्वस्त झाला आहे. ज्या ख्रिस्ती धर्माने क्षमेला आपला गाभा मानले, त्याच्या अनुयायांना तरी ती कितपत साधली?

इंदूर आम्हाला परके नाही. त्या भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर रानी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासात भोसकून हत्या झाली. पुढे २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि मारेकरी समुंदर सिंग याच्या मनगटावर तिने राखी बांधली. २००६ साली तो सुटला. ही हकीकत ऐकून कोणाचेही मन भरून येईल. पण तो मारेकरी परका होता. रोज समोर येणाऱ्या आपल्याच माणसाचे काय?

बायबलात पेत्राने येशूला विचारले, की किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे ना? उत्तर आले, साताच्या सत्तरपट. हे उत्तर सर्वांना पाठ असते. प्रश्न मात्र शत्रूविषयी नव्हता, भावाविषयी होता, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. शत्रू एकदा घाव घालून जातो. भाऊ दर रविवारी त्याच बाकावर येऊन बसतो!

आपल्या शेजारच्या नागपूरचे उदाहरण घ्या. उत्तर भारतातील प्रोटेस्टंट मंडळ्यांची ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली. लहानपणी बाप्तिस्मा द्यावा की जाणतेपणी, कोणाची दीक्षा खरी, असे वाद. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन आदी सहा मंडळ्यांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. धर्मगुरूंनी एकमेकांच्या मस्तकी हात ठेवले. ज्याच्यात जे उणे असेल ते देवाने भरावे, अशी त्यामागची भावना. तुझी दीक्षा खोटी, असे कोणी कोणाला म्हणायचे नाही. चूक कोणाची, हे न ठरवताच एक होण्याची ही तोड मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या भाऊबंदकीच्या वाटण्यांत असे एक तरी कलम असते तर!

तरी सर्व जुळले नाही. अमेरिकी परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी त्याच वर्षी, ऐन वेळी, बाजूला झाली. गुजरातेतील ब्रदरन मंडळीतल्या काहींना विलीनीकरण मान्य नव्हते. ते कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि २०१३ साली निवाडा झाला, की त्या मंडळीच्या विश्वस्त मालमत्तेपुरते ते विलीनीकरण कायद्याला धरून नव्हते. मध्ये त्रेचाळीस वर्षे गेली.

ख्रिस्ती माणसांनी कोर्टाची पायरी चढावी का, असे कोणी विचारील. मला त्यात क्षमेचा अभाव दिसतोच असे नाही. सेल्मी पॉल यांनी आपल्या वाट्याचे दुःख माफ केले. तो अधिकार त्यांचा होता. विश्वस्ताचे तसे नाही. पूर्वजांनी ठेवलेली जमीन, प्रार्थनाघर त्याच्या मालकीचे नसते, मग ते तो उदारपणे सोडून कसा देणार? दुसऱ्याची ठेव परस्पर माफ करणे म्हणजे औदार्य नव्हे. बायबलच्या त्याच अध्यायात पेत्राच्या प्रश्नाआधी एक रीत सांगितली आहे: प्रथम भावाला एकांतात गाठून त्याची चूक सांगावी, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे, मग मंडळीपुढे मांडावे. म्हणजे क्षमा सांगणाऱ्याने गप्प बसायला सांगितलेले नाही.

पण त्या रीतीतली पहिली पायरीच अवघड. वकिलाला भेटणे त्यापेक्षा सोपे. तिथे भावाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही.