एक कर्मस्थान की चाळीस?

ध्यानमार्गाला लागलेल्या माणसाने एकच साधन आयुष्यभर धरावे, की चित्ताच्या निरनिराळ्या विकारांसाठी निरनिराळी साधने हाताशी ठेवावीत, हा भारतीय साधनापरंपरांमधला जुना प्रश्न आहे. बौद्ध परिभाषेत ज्या विषयावर चित्ताने काम करायचे त्याला कर्मस्थान म्हणतात. श्वास, प्रेत, रंग, मैत्री, मृत्यूचे स्मरण अशी कितीतरी कर्मस्थाने ग्रंथांत सांगितली आहेत. नाशिक जिल्ह्यात, कसारा घाटाच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरीत हा प्रश्न आजही जिवंत आहे. तिथल्या टेकडीवरच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विधी शिकवला जातो. त्याच टेकडीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासाने मात्र देवनागरीत छापलेल्या पाली साहित्यात चाळीस कर्मस्थानांचा तपशील देणारा ग्रंथही आहे.

शिकारीच्या दिवसांत बंदुकीबद्दल हाच पेच पडत असे. बारा बोअरची एक बंदूक जवळ असली की छर्ऱ्याच्या काडतुसाने तितर आणि गोळीच्या काडतुसाने रानडुक्कर, अशी दोन्ही कामे भागत. लांबवरच्या जनावरासाठी मात्र रायफलच लागे, आणि लहान-मोठ्या जनावरांसाठी तिचेही प्रकार वेगळे. एकाच बंदुकीवर हात बसतो, अनेक बंदुकांनी नेमकेपणा येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या शिकारीला लगाम घातला, पण प्रश्नाची मांडणी आजही उपयोगी पडते. साधनेत तिला एक मोठी भर घालावी लागते. बंदूक शिकाऱ्याचा स्वभाव बदलत नाही, साधन मात्र साधकाला बदलते. शिवाय इथे लक्ष्य बाहेर नसून साधकाच्या आतच असते. म्हणून साधन निवडणाऱ्याची निवडही त्याच्या विकारांनी रंगलेली असू शकते. या प्रश्नाची खरी अडचण इथे आहे.

अनेक साधनांची बाजू सर्वांत पद्धतशीरपणे बुद्धघोषाच्या ‘विशुद्धिमार्ग’ या ग्रंथात मांडलेली आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात तो रचला गेला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून देण्याचे मोठे श्रेय गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे. त्यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने 1940 साली मुंबईत प्रसिद्ध केली, आणि त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे मराठी पुस्तकही याच विषयावर आहे. बुद्धघोष चाळीस कर्मस्थाने मोजतो: दहा कसिणे (रंगासारखे एकाग्रतेचे विषय), दहा अशुभे (प्रेताच्या अवस्था), दहा अनुस्मृती (स्मरणे), चार ब्रह्मविहार (मैत्रीसारखे भाव), चार अरूप ध्याने, आहाराविषयी प्रतिकूलतेची संज्ञा आणि शरीरातल्या चार धातूंचे विश्लेषण.

ही यादी मनाला येईल ते उचलावे म्हणून दिलेली नाही. बुद्धघोष माणसांचे सहा स्वभाव मानतो: रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाप्रधान, बुद्धिप्रधान आणि वितर्कप्रधान. देखण्या वस्तूंकडे चटकन ओढल्या जाणाऱ्या रागप्रधान माणसाला प्रेताच्या दहा अवस्था आणि शरीराच्या घटकांचे चिंतन ही अकरा कर्मस्थाने योग्य. चटकन संतापणाऱ्याला चार ब्रह्मविहार आणि निळा, पिवळा, तांबडा, पांढरा या रंगांची चार कसिणे. ज्याचे मन गोंधळलेले किंवा विचारांत भरकटणारे, त्याला श्वासाची स्मृती. श्रद्धाळू माणसाला बुद्ध, धम्म, संघ, शील, त्याग आणि देवता यांचे स्मरण. तल्लख बुद्धीच्या माणसाला मृत्यूचे स्मरण, निर्वाणाच्या शांतीचे स्मरण, आहाराविषयीची संज्ञा आणि धातूंचे विश्लेषण. उरलेली सहा कसिणे आणि अरूप ध्याने सगळ्यांना चालतात. रोग वेगळा तर औषध वेगळे, या तत्त्वावर ही सारी रचना उभी आहे.

या तत्त्वामागे जुन्या कथांचे बळ आहे. ‘धम्मपदा’च्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, बुद्धाचा प्रमुख शिष्य सारिपुत्त याच्या एका तरुण शिष्याची हकिकत येते. तो सोनाराचा मुलगा. तरुणांमध्ये कामवासना प्रबळ असते असे धरून सारिपुत्ताने त्याला अशुभाचे कर्मस्थान दिले. पावसाळ्याचे महिने सरले तरी त्याचे चित्त एकाग्र होईना. शेवटी सारिपुत्त त्याला बुद्धाकडे घेऊन गेला. हा अनेक जन्म सोनारकाम करत आला आहे आणि किळसवाण्या वस्तूवर त्याचे मन बसणार नाही, हे ओळखून बुद्धाने त्याला सोन्याचे कमळ पाहायला दिले. त्यावर त्याचे ध्यान लागले, आणि मग कमळ कोमेजताना पाहून त्याला अनित्यता उमगली. या कथेत चुकलेला गुरू सामान्य नाही. प्रज्ञेत ज्याला बुद्धाच्या खालोखाल मानतात तोच इथे चुकतो. साधन कितीही उत्तम असले तरी चुकीच्या माणसाच्या हाती ते निष्फळ ठरते, हे कथा स्पष्टपणे सांगते.

एका माणसाला एकाहून अधिक साधने दिल्याचे दाखलेही आहेत. मेघिय सुत्तात रागासाठी अशुभ, द्वेषासाठी मैत्री, वितर्क तोडण्यासाठी श्वासाची स्मृती आणि ‘मी’पणा उपटून काढण्यासाठी अनित्यसंज्ञा, अशी चार विकारांवरची चार साधने एकाच भिक्षूला सांगितली आहेत. बुद्धाने आपला पुत्र राहुल याला उद्देशून केलेल्या उपदेशात तर एकट्या राहुलाला सात कर्मस्थाने दिलेली आढळतात. माणसाच्या मनात एकच विकार नसतो, आणि असला तरी तो नेहमी तितकाच प्रबळ राहत नाही, हे त्यामागचे कारण.

तरीही बुद्धघोष या वाटपाला अंतिम मानत नाही. चालण्यावरून, झाडू मारण्याच्या पद्धतीवरून, जेवण्यावरून स्वभाव ओळखण्याच्या खुणा तो सविस्तर देतो, आणि लगेच सांगतो की या खुणा मूळ पाली ग्रंथांत नाहीत, जुन्या अट्ठकथांतही नाहीत. त्या केवळ आचार्यांच्या मतानुसार आल्या आहेत, म्हणून त्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. ज्याला दुसऱ्याचे चित्त जाणण्याची सिद्धी आहे त्याने ते जाणावे, इतरांनी शिष्याला विचारून घ्यावे, असा त्याचा सल्ला आहे. अनेक साधनांच्या व्यवस्थेचा कमकुवत दुवा त्याने स्वतःच दाखवून दिला आहे. साधने चाळीस असली तरी ती नेमकी वाटण्यासाठी शिष्याला वर्षानुवर्षे जवळून ओळखणारा गुरू हवा.

या अडचणीवर ग्रंथाने एक मधला मार्गही काढला आहे. कर्मस्थानांचे दोन प्रकार तो करतो. एक सर्वत्र उपयोगी पडणारे: भिक्षुसंघापासून सुरू करून सर्व प्राण्यांपर्यंत पसरवायची मैत्री आणि मृत्यूचे स्मरण, काही आचार्य यात अशुभही धरतात. दुसरे, ज्याच्या त्याच्या स्वभावाला जुळणारे आणि सतत सोबत बाळगायचे. पहिले सगळ्यांसाठी, दुसरे एकेकासाठी. म्हणजे चाळीसपैकी एका साधकाच्या वाट्याला प्रत्यक्षात दोन-तीनच येतात. चाळीसचा संग्रह परंपरेचा, साधकाचा नव्हे. या भेदाकडे दुर्लक्ष झाले की ‘एक की अनेक’ हा वाद निष्कारण चिघळतो.

इगतपुरीची पद्धत एका साधनाच्या बाजूने उभी आहे. ब्रह्मदेशात लेडी सयाडो, सया थेटजी आणि सयाजी ऊ बा खिन या गुरुपरंपरेतून आलेला विधी सत्यनारायण गोयंका (1924–2013) यांनी 1969 साली भारतात आणला. 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरे होऊ लागली, आणि 1985 साली विपश्यना विशोधन विन्यासाची स्थापना झाली. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला दिवस सुरू होतो. पहिले साडेतीन दिवस केवळ नैसर्गिक श्वास पाहायचा, त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना समभावाने पाहत जायचे. अखेरीस मैत्रीभावना शिकवली जाते. व्यापारी, शेतकरी, विद्यार्थी, भिक्षू, कैदी, सगळ्यांना हेच. स्वभावाची तपासणी नाही आणि वेगळे औषधही नाही.

त्यामागे एक तात्त्विक भूमिका आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःखाच्या कार्यकारणाच्या, साखळीत वेदनेमागून (संवेदनेमागून) तृष्णा येते. राग असो, द्वेष असो वा भीती असो, मनात विकार जागा झाला की शरीरावर काहीतरी संवेदना उमटतेच, अशी या परंपरेची शिकवण आहे. मग प्रत्येक विकाराला वेगळे गाठण्याची गरज उरत नाही. सगळे विकार ज्या एका जागेवरून पुढे सरकतात तिथेच जागरूक राहिले की पुरे. इथे एका साधनाचे समर्थन सोयीवर उभे नाही. सर्व विकारांचे मूळ एक आहे, या सिद्धांतावर ते उभे आहे. मूळ एक असेल तर एक साधन पुरेल. विकारांची मुळे वेगवेगळी असतील तर पुरणार नाही. वादाचा निर्णय अखेर या मुद्द्यावर होतो.

एका साधनाच्या बाजूने दुसरे कारण व्यावहारिक आहे आणि तेही तितकेच वजनदार. कोणत्याही ध्यानात कंटाळ्याची, वेदनेची, निराशेची वेळ येते. दुसरे साधन हाताशी असले की मन नेमके त्या वेळी त्याच्याकडे धावते आणि त्या पळण्याला ‘मला हे मानवत नाही’ असे नाव देते. खरे काम व्हायचे असते ते त्याच वेळी. शिबिराच्या काळात जप, पूजा, इतर ध्यानपद्धती बाजूला ठेवण्याचा नियम आहे. त्यात त्या पद्धतींची निंदा नाही. ही वाट दहा दिवस बंद राहावी आणि एका साधनाची निर्भेळ कसोटी व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय अनोळखी माणसे दहा दिवसांसाठी एकत्र येतात तिथे प्रत्येकाचा स्वभाव पारखल्याचा दावा करण्यापेक्षा सर्वांना चालणारे साधन देणे अधिक प्रामाणिक ठरते.

मात्र या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही आणि ध्यान वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, हे शिबिराच्या नियमावलीतच बजावलेले आहे. दुसरे असे की ‘एक’ म्हटल्या जाणाऱ्या या पद्धतीतही साधने तीन आहेत: मन स्थिर करायला श्वास, मुळाशी जायला संवेदना, शेवटी मैत्री. ध्यानात मन फार अस्वस्थ झाले की काही वेळ श्वासाकडे परतण्याचाही उपदेश असतो. एकच साधन सर्वांना देतानाही त्यात थोडी विविधता ठेवावी लागते. आणि सोनाराच्या मुलाची कथा इथेही लागू पडते. प्रामाणिकपणे करूनही ज्याला हा विधी लागत नाही, त्याच्या प्रयत्नांत खोट आहे असे गृहीत धरणे अन्यायाचे होईल.

हा ताण केवळ बौद्ध परंपरेत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादात अंतरायांवर उपाय म्हणून एका तत्त्वाचा अभ्यास सांगितला आहे, आणि त्यालाच लागून मैत्री, प्राणायाम, वीतरागाचे चिंतन अशी पर्यायांची मालिका येते. तिचा शेवट, ज्याला जे रुचेल त्याचे ध्यान करावे, या मुभेत होतो. इगतपुरीच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. नाथपंथाचा अधिकार त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे बारकाईने वर्णन आहे, आणि नवव्यात नामसंकीर्तनाचा गौरव आहे. पहिली वाट थोड्यांची, गुरूच्या डोळ्यांसमोर चालायची, दुसरी सर्वांची. वारकरी परंपरेने पुढे दुसरी आपलीशी केली, कारण तिला शेतात राबणारा, शिंपी, माळी, कुंभार सगळ्यांना सोबत घ्यायचे होते. समर्थांच्या दासबोधात मात्र चौथा दशक नवविधा भक्तीला दिला आहे. नऊ प्रकारांतून माणूस आपल्या स्वभावानुसार प्रवेश करू शकतो.

या सर्व परंपरा एकत्र पाहिल्या की प्रश्नाचे तीन स्तर वेगळे करता येतात. परंपरेच्या स्तरावर साधने अनेक असणेच हितकर आहे, कारण माणसे सारखी नाहीत. एकच साधन शिल्लक ठेवणारी परंपरा सोनाराच्या मुलाला उपाशी परत पाठवील. शिकवण्याच्या स्तरावर निवड परिस्थितीवर अवलंबून आहे. शिष्य जवळ राहतो आणि गुरू त्याला ओळखतो तिथे स्वभावानुसार साधन द्यावे. मोठा समुदाय थोड्या दिवसांसाठी येतो तिथे सर्वांना उपयोगी पडणारे एक साधन द्यावे आणि त्याच्या मर्यादा उघडपणे सांगाव्यात. साधकाच्या स्तरावर, साधन एकदा विचारपूर्वक स्वीकारले की पुरेसा काळ एकाचेच असावे. बदल करायचा तो जाणत्याशी बोलून करावा, कंटाळ्याच्या क्षणी करू नये.

साधनांची संख्या ही अखेर गौण बाब आहे. चाळीस कर्मस्थाने सांगणारा बुद्धघोष असेच सांगतो की राग-द्वेष दाबून न टाकणारी आणि श्रद्धेसारख्या गुणांना साहाय्य न करणारी कुशल भावना कोणतीच नाही. साधन कोणतेही असो, त्याने लोभ, द्वेष आणि मोह कमी होत आहेत की नाही, ही एकच कसोटी दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्या कसोटीला जे उतरते ते त्या माणसासाठी पुरेसे आहे. जे उतरत नाही ते एक असले तरी ओझे आहे आणि चाळीस असली तरी अपुरीच आहेत.