एकोप्याची किंमत कोणी द्यायची?

परदेशातल्या मराठी मंडळात काही वर्षे काढलेल्या कोणालाही हे बोलणे ओळखीचे वाटेल : "आपण मूठभर माणसे. निवडणूक घेऊन भांडणे कशाला वाढवायची? आहेत तेच राहू देत की अजून दोन वर्षे." आमच्या मंडळात हे मीही बोललो आहे. हेतू वाईट नव्हता. पण हाच प्रश्न एका देशापुढे आला तेव्हा काय घडले, हे वाचल्यापासून ते बोलणे मला खटकू लागले आहे.

तो देश म्हणजे मॉरिशस. १२ मार्च १९६८ ला तो स्वतंत्र झाला. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशजही त्या दिवशी नव्या देशाचे नागरिक झाले. पण घर एकसंध नव्हते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांना ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, तरी सुमारे ४४ टक्के मते विरोधात गेली होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले.

पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ च्या अखेरीस एक धाडस केले. स्वातंत्र्याला विरोध करणारे गेतां द्युवाल यांच्या पक्षाला त्यांनी सरकारात घेतले. द्युवाल तर परराष्ट्रमंत्री झाले! ज्याला हे राष्ट्र नको होते, तोच आता जगापुढे राष्ट्राच्या वतीने बोलू लागला. मंत्रिमंडळ पद्धतीची खरी ताकद इथे दिसते. आत हवे तेवढे भांडा, पण बाहेर आल्यावर निर्णय सगळ्यांचा. पराभूतांनाही त्यामुळे हा देश आपला वाटू शकतो. हे पाऊल मला आजही योग्य वाटते.

पण त्यासोबत दुसरेही एक पाऊल पडले. घटनादुरुस्ती करून, १९७२ च्या सुमारास व्हायची निवडणूक थेट १९७६ वर ढकलली गेली. मधल्या काळात तरुणांचा नवा पक्ष आणि कामगार संघटना रस्त्यावर आल्या. डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी लागली, विरोधी नेते तुरुंगात गेले. १९६७ मध्ये मत दिलेल्या माणसाला पुढचे मत द्यायला नऊ वर्षांहून अधिक थांबावे लागले.

कोणी म्हणेल, दंगलीची राख अजून गरम होती, निवडणूक घेतली असती तर पुन्हा पेटले असते. ही भीती खोटी नव्हती. पण भीती संपली हे ठरवायचे कोणी? ज्याची खुर्ची त्या भीतीवर टिकून आहे, त्याने? १९७३ च्या अखेरीस द्युवाल सरकारातून बाहेर पडले. एकोपा मोडला, पण त्याच्या नावाखाली पुढे ढकललेली निवडणूक पुढेच राहिली. म्हणजे एकोपा केला नेत्यांनी, आणि किंमत दिली मतदारांनी. नेत्यांनी आपापसात खुर्च्या वाटून घ्याव्यात, हवे तर मोठेपणाने वाटाव्यात. मत मात्र त्यांच्या मालकीचे नाही. ते दुसऱ्याचे आहे, आणि दुसऱ्याची वस्तू देऊन केलेल्या तडजोडीला औदार्य म्हणता येत नाही.

रामगुलाम यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. स्वतः रामगुलामही हरले, आणि मुकाट्याने पायउतार झाले. देश पेटला नाही. ज्या मतदाराला इतकी वर्षे थांबवून ठेवले होते, त्यानेच सत्ताबदल शांतपणे करून दाखवला.

आमच्या मंडळाची सभा पुढच्या महिन्यात आहे. "आहेत तेच राहू देत" असे कोणीतरी म्हणेलच. त्यांच्याशी मी भांडणार नाही. नाराज मंडळींनाही समितीत घ्या, असेच सांगेन. फक्त निवडणूक ठरल्या तारखेला घ्या, एवढा आग्रह धरेन.