आजारी घोडा आणि कलम १७

आमच्या गावाचं नाव वळ. नवख्या पाहुण्याला फोनवरून इथला पत्ता सांगणं हा एक स्वतंत्र करमणुकीचा कार्यक्रम असतो. "अंजूरफाट्यावरून वळा, की वळ." "वळलो. पुढे?" "पुढे काय, वळच." "अहो, पण किती वळू?" इथवर आलं की मी फोन ठेवतो आणि स्कूटर काढून पाहुण्याला आणायला फाट्यावर जातो. म्हणजे जात असे. २०२५ साली स्कूटरनेच जायला कुरकुर सुरू केली, आणि तिचं आता करायचं काय, या एवढ्याशा प्रश्नापायी माझ्यासारख्या गरीब बी.कॉम. माणसाला सबंध नीतिशास्त्राला वळसा घालून यावं लागलं.

स्कूटर वडिलांनी १९९५ साली घेतलेली. गीअरची, दोन स्ट्रोकची, पेट्रोलात ऑइल मिसळून पाजावं लागणारी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. तीस वर्षं राबल्यावर कुठलंही यंत्र थकणारच. मी तर बँकेच्या खुर्चीवर वीस वर्षांतच थकलो, आणि मला कोणी किकसुद्धा मारत नव्हतं.

स्कूटर सुरू करण्याचा एक विधी होता. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक ओढायचा, मग गाडी उजव्या अंगाला इतकी कलती करायची की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्कूटरच्या कानात काही सांगतोय. मग किका. बारा किकांपर्यंत मी मोजत असे. पुढचं मोजणं शेजारी करीत. सुरू झाली की मागून असा निळसर धूर निघे की आळीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आत घेत. पाऊस येणार की मी येणार, हे त्यांना आवाजावरून कळे.

मग एका दुपारी गोदामांच्या रस्त्यावर ती चालता चालता जागच्या जागी थिजली. इंजिन तापून जॅम झालं आणि मागचं चाक एकदम धरलं. ज्या रस्त्यावर माझ्या आजोबांनी बैलगाडीतून भाताचे भारे नेले, त्या रस्त्यावर आता चाळीस फुटी कंटेनर असतात. त्यातला एक माझ्या मागे होता. त्याच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि खिडकीतून मान काढून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मला मात्र त्याचे पाय धरावेसे वाटले.

भिवंडीतले आमचे उस्ताद म्हणजे स्कूटरचे धन्वंतरी. त्यांनी इंजिन उघडलं, ब्लॉकमध्ये बोट फिरवलं आणि मला दाखवलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, ब्लॉकला आतून ओरखडे. ब्लॉक बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालायचा, हा त्यावरचा इलाज. पण तो आधी दोनदा झालेला. दर बोअरला ब्लॉकची भिंत थोडी पातळ होते. "एक बार और हो जाएगा साहब. पाँच हजार पकड के चलो. उसके बाद मुझे मत बोलना." मी विचार करून सांगतो म्हटलं. त्यांनी होतं तसं जोडून दिलं आणि बजावलं, "चलाना मत. गरम होके फिर पकडेगा."

मी मान हलवली. आणि कन्येला रोज सकाळी फाट्यावर सोडून पुढे बँकेत, एवढंच काय ते चालवायचं ठरवलं. हळूहळू.

घरी परिषद बसली. सौ.चं मत स्पष्ट होतं : "विका ती, आणि विजेवरची घ्या." विजेवरची म्हणजे लाखाच्या आसपास, म्हणजे आणखी एक हप्ता. इतरांच्या हप्त्यांच्या नोंदी करण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःच्या हप्त्याची मला धास्ती आहे. आई म्हणाली, "ह्यांनी हौसेनं घेतली होती. विकलीस तर माझ्या डोळ्यांदेखत विकू नकोस." कन्या नुकतीच अठरा वर्षांची झालेली, ती म्हणाली, "बाबा, मला शिकवा." बँकेतला सहकारी म्हणाला, "नव्वद दिवस वसुली नाही की आपण कर्जसुद्धा अनुत्पादित धरतो. ही तर तीस वर्षं नुसती खातेय."

कॉलेजात आम्हांला घसारा शिकवला होता. उरलेल्या किमतीवर दर वर्षी दहा टक्के घसारा काढत गेलं, तर वस्तूची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. अर्थ आत्ता कळला. वडिलांच्या वस्तूंना हीच पद्धत लागू आहे. तेच कॉलेज असंही शिकवतं की झालेला खर्च झाला, पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये. हे शिकवणाऱ्या सरांना बहुधा आई नसावी.

तरी मी मनाला समजावून पाहिलं. म्हटलं, ही वडिलांची स्कूटर तरी राहिलीय का? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो : महाराज, तुम्ही रथातून आलात, तर रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आमच्या स्कूटरचा क्लच दोनदा बदललेला, टायर सात वेळा, सीटचं कव्हर किती वेळा ते सौ.ला ठाऊक. वडिलांच्या वेळचं असं काय उरलं होतं? डाव्या बाजूच्या पत्र्याला एक पोचा. तो मी बारावीत असताना पाडला होता. म्हणजे उरलं होतं तेही माझंच. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.कडून नोंदणी वाढवून घ्यावी लागते; २०१०, २०१५, २०२० झालं, आता २०२५ उभं होतं. ठरलं. विकायची.

पहिलं गिऱ्हाईक ठाण्याचा एक एजंट. जुन्या गीअरच्या स्कूटरींचे शौकीन असतात म्हणे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नऊ हजार." मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, इंजिन जरा..." त्याने हात वर करून मला थांबवलं. "साहेब, काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत की मला माहीत होणार. मला माहीत झालं की पुढच्याला सांगावं लागणार. कशाला दोघांच्या डोक्याला ताप?"

इतकं स्वच्छ तत्त्वज्ञान मी कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नाही. दोन दिवसांनी सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं आणि माळ्यावरचं व्यापारी कायद्याचं जुनं पुस्तक काढलं. बायकोला वाटलं, मी आता बढतीच्या परीक्षेला बसतोय. तिने चहात साखर वाढवली.

कायदा पूर्णपणे माझ्या बाजूचा निघाला. १९३० सालचा वस्तुविक्रीचा कायदा, कलम १६ : माल चांगला असल्याची हमी, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्यावर आपोआप येत नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. १८७२ सालचा कराराचा कायदा, कलम १७ : नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. आणि उदाहरण कशाचं, तर घोड्याचं! 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोडा आजारी आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. 'अ' काही बोलत नाही. हे कपट नाही. मी पुस्तक मिटून सुटकेचा निःश्वास टाकला. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझी सोय करून ठेवली होती.

पण कायद्याची पुस्तकं मिटताना बोट मध्ये राहू देऊ नये. पुन्हा उघडलं, तर खाली आणखी दोन उदाहरणं. एकात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे घोडा आजारी आहे हे सांगणं 'अ'चं कर्तव्य. दुसऱ्यात 'ब' म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा ठणठणीत आहे असं मी समजेन," आणि 'अ' गप्प बसतो. तिथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक आलं. मागच्या आळीतला पोरगा, गोदामात रात्रपाळीला माल काढायच्या कामाला. रात्री दोनला सुटतो, तेव्हा रिक्षा नसते, तीन किलोमीटर चालत येतो. त्याने सीटवरून हात फिरवला तो असा की वासराच्या पाठीवरून फिरवावा. मग म्हणाला, "काका, इंजिन बरं आहे ना? काही असेल तर तुम्ही सांगालच म्हणा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हा तर कलम १७ तोंडपाठ करून आला होता! एजंट मला 'साहेब' म्हणाला होता. साहेबाने गप्प बसलं तर कोणी काही म्हणत नाही. हा मेला 'काका' म्हणाला. या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी कायद्याची हद्द बदलते. आणि माझ्या डोळ्यांसमोर रात्रीचे दोन, तो रस्ता आणि मागचा कंटेनर आला. शिवाय एजंटाला विकली असती, तरी ती शेवटी अशाच कुठल्यातरी पोराखाली जाणार होती. तो पोरगा मला काका म्हणायला समोर नसता, एवढाच काय तो फरक. माझ्या पुस्तकातला 'ब' फक्त अक्षर होता, म्हणून मला इतकी शांत झोप लागली होती.

म्हटलं, "नाही रे बाबा. रिंगा गेल्यात. तापलं की जॅम होतं, मागचं चाक धरतं. मागे गाडी असली तर मरशील."

तो गोंधळला. आपल्याला विकणारा माणूस असं बोलतोय, याची बाजारात कोणालाच सवय नसते. "मग नको काका," म्हणून तो निघाला. मला एकदम हलकं वाटलं. आपण कोणी हरिश्चंद्राच्या कुळातले आहोत अशा ऐटीत मी मागे वळलो, तर दारात कन्या उभी.

"बाबा," ती म्हणाली, "मग मला रोज सकाळी कशावर बसवून नेता?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुकतीच सज्ञान झालेली मुलगी, आजारी घोडा, आणि गप्प बसलेला 'अ'. तीन आठवडे! दुसऱ्याच्या पोराला मी जे तीन वाक्यांत सांगितलं, ते माझ्या पोरीला सांगायचं मला सुचलंच नव्हतं, कारण तिला मी काही विकत नव्हतो. फसवायला गिऱ्हाईकच लागतं, असा माझा समज होता. आपली माणसं आपल्या मागच्या सीटवर फुकट बसतात, म्हणून त्यांना हमी नसते की काय?

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर ढकलत भिवंडीला नेली. ढकलत. मला कोणी वाटेत 'पेट्रोल संपलं का?' विचारलं की मी 'हो' म्हणत होतो. सत्याचा कोटा आदल्या संध्याकाळीच संपला होता. उस्तादांनी ब्लॉक बोअर केला, पिस्टन, रिंगा, गॅस्केट नवं घातलं. बिल पाच हजार दोनशे. पहिली काही दिवस हळू चालवा म्हणाले. या वेळी मी ऐकलं. मग बिल घेऊन मागच्या आळीत गेलो. हा शेवटचा बोअर, यापुढे इंजिनात मोठं काम निघालं तर ब्लॉकच नवा, हेही पोराला सांगितलं. आठ हजारांना सौदा झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. आई त्या दिवशी मुद्दाम मावशीकडे गेली होती.

आता हिशेब. एजंटाचे नऊ हजार गेले. आठातून पाच हजार दोनशे वजा जाता हाती दोन हजार आठशे. म्हणजे सहा हजार दोनशेचा तोटा. हा कोणत्या खात्याला नावे टाकावा, हे ठरवताना मी बराच अडलो. आमच्या शास्त्रात 'ख्याती' नावाची एक डोळ्यांना न दिसणारी मालमत्ता असते. तिथे टाकावा म्हटलं, तर सौ. म्हणाली, "ती आधीपासून होती का तुमची?" शेवटी कन्येच्या नावे टाकला. ती हल्ली फाट्यापर्यंत चालत जाते. विजेवरच्या गाडीचं अजून ठरायचंय.

रात्री दोनच्या सुमाराला मला कधी कधी जाग येते. लांबून आवाज येतो, आळीच्या तोंडाशी गीअर बदलतो, आणि दार वाजतं. तोवर मी जागा असतो. मग झोपतो.