विचारणारं माणूस

आरोग्यावरच्या कोणत्याही कार्यक्रमात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : लाज सोडा, मोकळेपणानं बोला. लघवीच्या तक्रारींपर्यंतही ते आता पोचलं आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण माणसं लाजेमुळेच गप्प असतात हे निदानच मला चुकीचं वाटतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, तेव्हापासून मराठी माणसाला शरीराबद्दल स्पष्ट बोलायला सांगितलं जात आहे. शंभर वर्षं होत आली तरी आपण त्याच वाक्यावर थांबलो आहोत.

माझी मावशी दहा वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची धरून बसायची. एसटीचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून तिचं पाणी बंद. ती लाजून गप्प होती का? मुळीच नाही. बहिणींना तिनं सांगितलं होतं, डॉक्टरांनाही सांगितलं होतं : ‘सारखं जावं लागतं.’ लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. रक्त तपासलं, साखर नव्हती. म्हणजे काहीच नाही, वय झालं.

मग गुडघ्याच्या व्यायामासाठी ती एका फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या मुलीनं सहज विचारलं, “काकू, लघवी लागली की थांबवता येते का? बाहेरून आल्यावर कुलपात किल्ली घालताना एकदम जोर येतो का?” मावशी काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “तुला कसं कळलं?”

प्रश्न नेमका तोच आहे. इंटरनॅशनल कन्टिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येत या विकाराचा, म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशयाचा, कणा ‘वारंवार’ हा नाही, ‘घाई’ हा आहे. अचानक येणारी, पुढे ढकलता न येणारी घाई. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. इथे ते भरण्याआधीच त्याचा स्नायू आवळू लागतो. खोकताना-शिंकताना लघवी सुटते ती तक्रार वेगळी. ‘दिवसातून किती वेळा जाता?’ एवढंच विचारून यातलं काहीच हाती लागत नाही. भरपूर पाणी पिणारा आणि मधुमेही, दोघेही पुष्कळ वेळा जातात.

‘लाज सोडा’वाले यावर म्हणतील, मावशीनं तपशील सांगायला हवा होता. कोणता तपशील? किल्लीचा आणि लघवीचा काही संबंध असतो, हे तिनं कशावरून ओळखावं? तिनं तो मनाचा खेळ समजून सोडून दिला होता. छापील मराठीतलं ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ हे नाव तिच्या कानावर पडलं असतं, तरी ते आपल्याबद्दल आहे असं तिला वाटलं नसतं. तरीही तिला मोकळं व्हायला सांगायचं म्हणजे आजाराच्या जोडीला न बोलल्याचा दोषही तिच्याच पदरात टाकायचा. लाज असते, हे मी नाकारत नाही. पुरुषांत तर ती अधिक मुकी असते. अमेरिकेतल्या २००३ च्या एका मोठ्या पाहणीत साधारण सहा प्रौढांमागे एकाला हा त्रास आढळला, आणि स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. आपल्याकडे पुरुषाची तक्रार मात्र सरळ प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होते.

मुंबईत २०११ पासून बायकांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी चाललेली ‘राइट टू पी’ची लढाई हवीच, पण जवळ स्वच्छतागृह आलं म्हणून घाई जात नाही.

त्या फिजिओथेरपिस्टनं मावशीला आधी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितलं : काय प्यायलं, कधी गेलं, किती झाली, घाई होती का. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, जे आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडले. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं, आणि निदान सहा आठवडे चिकाटी सोडायची नाही. चहा कमी, पाणी मात्र बंद करायचं नाही, कारण घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. दहा वर्षं ती नेमकं उलट करत होती. औषधंही आहेत, त्यातल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून वयस्करांना ती जपून द्यावी लागतात. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर आधी डॉक्टर.

तुमच्या घरात कुणी प्रवास टाळू लागलं असेल, दाराजवळची जागा शोधत असेल, तर ‘लाजू नको, सांग’ म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा : लागली की थांबवता येते का?