देव बघतो, पण रेकॉर्डिंग ठेवत नाही

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून चपलांचा एक जोड नाहीसा झाला आणि आमच्या घरात कॅमेरा आला. चपला आमच्या नव्हत्या. पण भीतीला मालकीहक्क लागत नाही. बंगळूरच्या चिरंजीवांनी फोनवरून फर्मान काढलं, "बाबा, इंटरनेटवर चालणारा कॅमेरा बसवा. मला इथून घर दिसेल." घर बघायचं तर घरी यायचं, अशी आमच्या वेळी पद्धत होती, पण ते असो.

मला वाटलं होतं, कॅमेरा मागितला की कॅमेरा देतात. दुकानदाराने प्रश्नपत्रिकाच काढली. दोन मेगापिक्सेल की चार? एकाच जागी बघणारा की मान फिरवणारा? चित्रण आतल्या कार्डावर, की महिन्याला पैसे भरून क्लाउडवर?

"कार्डात वाईट काय?"

"चोराने कॅमेराच नेला तर कार्डही गेलं, काका."

"आणि क्लाउड?"

"आपलं घर दुसऱ्याच्या कपाटात."

आमचं लग्न ठरवताना वडिलांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. निघताना त्याने कानमंत्र दिला, "कंपनीचा पासवर्ड आधी बदला." खरंच आहे. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने पासवर्ड न बदललेले असे कितीतरी कॅमेरे कह्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ट्विटरसारखी संकेतस्थळं काही तास ठप्प केली. म्हणजे गुरखाच टोळीत सामील!

दुकानदाराने सगळं विचारलं. कॅमेरा रोखायचा कुणावर, तेवढं विचारलं नाही. या वंशाचा मूळपुरुष बिचारा निरुपद्रवी होता. 1991 साली केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी कॅमेरा लावला तो कॉफीच्या भांड्यावर. तिथवर पायपीट करावी आणि भांडं रिकामं निघावं, हे टाळण्यासाठी! भांड्याला त्याचं काही वाटण्याचा प्रश्न नव्हता.

आमच्या मावशींना वाटलं. अठरा वर्षं त्या आमच्याकडे पोळ्या करताहेत. सौ.ने हॉलमधल्या फडताळावर कॅमेरा ठेवला, तो नेमका स्वयंपाकघराकडे तोंड करून. सकाळी मावशी आल्या, वर पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काका, घरातलं काही गेलं का?"

"छे छे! तो चोरांसाठी आहे."

"चोर पोळ्या लाटायला येतात व्हय?"

रोज गुणगुणत लाटणाऱ्या मावशी त्या दिवशी मुकाट्याने लाटून गेल्या. घरातलं काहीतरी गेलं होतं खास. पण त्याचं चित्रण कार्डावर नव्हतं.

चोर सापडला चौथ्या रात्री. दीड वाजता डब्यातला बेसनाचा लाडू उचलला आणि फडताळ बोललं, "बाबा, खाली ठेवा तो. तुम्हाला शुगर आहे." चिरंजीवांच्या मोबाइलवर घंटी वाजली होती. अठरा वर्षांत मावशींनी न केलेली चोरी मालकाने चार दिवसांत केली!

2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. सरकारने माझ्या घरात डोकावू नये, हे मला तत्काळ पटलं होतं. मावशींच्या बाबतीत मीच सरकार झालो, हे मात्र लाडू पकडला जाईपर्यंत कळलं नाही.

आजी म्हणायची, देव बघतोय. वाड्यात तर देवाच्या जोडीला समोरच्या काकूही बघत. गावभर सांगत, हे खरं. पण ताप आला की पेज घेऊन त्याच येत. बघणाऱ्याने वेळेला उठून यायचं, असा तो करार होता. देवाचं तर काय, तो बघतो आणि सोडूनही देतो. कॅमेरा येतही नाही आणि सोडतही नाही. पाळत आणि सांभाळ यांतला फरक मेगापिक्सेल वाढवून दिसत नाही.

कॅमेरा काढला नाही. तेवढा मी संत नव्हे. तो दाराबाहेर लावला, शेजाऱ्यांचं दार दिसणार नाही असा. मोबाइलवर काय दिसतं, ते मावशींनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मी किती वाजता येते, ते काकूंनाबी दिसंल." दुसऱ्या दिवशी गुणगुणणं ऐकू आलं. जरा खालच्या पट्टीत, पण आलं.

सौ.ने लाडवांचा डबा मात्र दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवायची धमकी दिली आहे.